अंथरूण, पाय आणि पंचांचा निर्णय

सुगी आटोपली की हिंगोलीहून सेनगावकडे किंवा औंढ्याकडे जाताना फाट्याफाट्यावर टेनिस बॉल क्रिकेटचे फ्लेक्स दिसू लागतात. वर नेत्यांचे फोटो, मधे पहिलं, दुसरं, तिसरं बक्षीस आणि प्रत्येक बक्षिसाखाली ते देणाऱ्याचं नाव. तळाशी बारीक अक्षरांत 'नियम व अटी'. त्यांतल्या दोन अटी तुम्हाला हटकून सापडतील. एक, 'एक गाव एक संघ, आधारकार्ड सोबत आणणे'. दुसरी, 'पंचांचा निर्णय अंतिम राहील'.

पहिली अट का आली, हे मैदानाशेजारी टपरीवर बसलेला कुणीही सांगेल. स्पर्धा खुली ठेवली की एखाद्या गावचा हौशी गुत्तेदार नांदेडहून, परभणीहून चार ठोकणारे फलंदाज गाडीत घालून आणतो. गावची पोरं बाउंड्रीवर पाण्याच्या बाटल्या धरून उभी राहतात आणि बक्षीस कुणी न्यायचं ते गुत्तेदाराचा खिसा ठरवतो. म्हणून आधारकार्ड. गंमत अशी की या अटीला शिव्या घालणारेही कमी नसतात. लहान गावचा कप्तान म्हणतो, "आमची निम्मी पोरं पुण्याला कंपनीत. अकरा जमवायलाच मारामार. मोठ्या गावात तीस पोरांतून अकरा निवडतात. मग ही अट कामून? कुणाच्या सोयीची?"

हाच प्रश्न गेली काही वर्षं इंग्लंडमधल्या फुटबॉल मैदानांवर विचारला जातो आहे. तिथे आधारकार्डाच्या जागी ताळेबंद असतो, एवढाच फरक.

फुटबॉल हा काही हिंगोलीचा खेळ नव्हे. इथे कबड्डी आहे, कुस्ती आहे, क्रिकेट तर आहेच. तरी निळ्या-लाल पट्ट्यांचा, पाठीवर दहा आकडा असलेला शर्ट इथल्या बाजारातही टांगलेला दिसतो. मेस्सीचा सामना ज्यानं आयुष्यात पूर्ण पाहिलेला नाही असा पोरगाही तो घालून फिरतो. त्या शर्टामुळेच या विषयाची पहिली बातमी आपल्याकडे पोचली. ५ ऑगस्ट २०२१ ला बार्सिलोना क्लबनं जाहीर केलं की मेस्सी आता आमच्याकडे खेळणार नाही. तीन दिवसांनी तो पत्रकारांसमोर रडला. त्याला राहायचं होतं, क्लबलाही तो हवा होता, निम्म्या पगारावर खेळायलाही तो तयार होता. मग आडवं कोण आलं? स्पॅनिश लीगचा पगारमर्यादेचा नियम. प्रत्येक क्लबनं खेळाडूंवर किती खर्च करायचा ते तिथे लीग आधीच ठरवून देते, आणि ते क्लबच्या मिळकतीवरून ठरतं. अध्यक्ष लापोर्ता यांनीच हिशोब सांगितला. मेस्सीला धरलं तर पगाराचा बोजा उत्पन्नाच्या ११० टक्के होत होता आणि त्याला वगळूनही तो ९५ टक्के उरत होता. अशा घरानं नवा करार नोंदवायला नेला, तर लीगच्या कचेरीत तो कोण स्वीकारणार?

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपल्याकडे घरोघरी ऐकवली जाते. युरोपच्या फुटबॉल महासंघानं, म्हणजे यूएफानं, २००९ मध्ये तिचाच कायदा केला. क्लबनं जेवढं कमवावं तेवढ्यातच भागवावं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं २०१३ मध्ये थोडी सैल गाठ मारली: तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालेल, त्यापुढे गेलात तर शिक्षा. आजच्या दरानं ही रक्कम हजार कोटी रुपयांच्या वर जाते. एवढा तोटा 'चालेल' म्हणणारा धंदा जगात दुसरा कुठला असेल असं मला वाटत नाही.

नियम उगाच आला नव्हता. पोर्ट्समथ क्लबनं २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी २०१० मध्ये, तो दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हाती गेला. लीड्स २००१ मध्ये युरोपच्या उपांत्य फेरीत होता. पुढच्या यशाच्या भरवशावर कर्ज काढून खेळाडू आणले होते, ते यश आलं नाही आणि २००४ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत घसरला. १८८५ साली स्थापन झालेल्या बरी या लहान क्लबला तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगमधून काढूनच टाकलं. पुढच्या वर्षी पीक येईल म्हणून यंदा सावकाराकडे जाणाऱ्याची गोष्ट मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडे असला नियम नव्हता तेव्हा काय होत होतं? मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० मध्ये कंपनीनं संघच बंद केला. गोव्याचा धेंपो पाच वेळा देशाचा विजेता. साळगावकर, चर्चिल ब्रदर्स हेही विजेते. गोव्याच्या या फुटबॉलमागे मोठा पैसा खाणमालक घराण्यांचा होता. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं. मालकाच्या मनात आहे तोवर संघ आहे, एवढाच तो कारभार. पाटलानं यंदा यात्रेत फड भरवला नाही तर मल्लांनी काय करायचं? फार तर दुसऱ्या गावच्या यात्रेला जायचं. चाहत्याला मात्र दुसरं गाव नसतं.

तर नियम हवा, हे इंग्लंडचा चाहताही सहसा नाकारत नाही. त्याचं डोकं फिरतं ते वहीत शिरल्यावर. आपणही जरा शिरू.

समजा तुम्ही दहा लाखांचा ट्रॅक्टर घेतला. हिशोबनीस सगळे दहा लाख एकाच वर्षाच्या खर्चात धरत नाही. ट्रॅक्टर दहा वर्षं चालेल, म्हणून दरवर्षी एक लाख. फुटबॉलमध्ये खेळाडूची किंमत अशीच कराराच्या वर्षांवर वाटतात. जानेवारी २०२३ मध्ये चेल्सीनं एन्झो फर्नांडेझ १०.६८ कोटी पौंडांना घेतला आणि करार केला साडेआठ वर्षांचा. पाच वर्षांचा केला असता तर वर्षाला २.१ कोटींहून जास्त खर्च दिसला असता. साडेआठनं भागल्यावर तो सव्वा कोटीच्या आसपास आला. पैसा तोच, वहीत मात्र ओझं निम्म्याच्या जवळपास. आधी यूएफानं आणि मग प्रीमियर लीगनं नियम बदलला: करार कितीही वर्षांचा करा, किंमत पाचच वर्षांवर वाटायची. चेल्सीची बुद्धी तिथेच थांबली नाही. क्लबनं आपल्या मैदानाजवळची दोन हॉटेलं आपल्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला ७.६५ कोटी पौंडांना विकली आणि नंतर महिला संघही घरातल्या घरात विकला. या खिशातून त्या खिशात. प्रीमियर लीगच्या नियमात ते बसत होतं. यूएफाच्या नियमात बसलं नाही, आणि २०२५ मध्ये महासंघानं क्लबला दंड केला.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. बाजारातून ऐंशी हजारांना आणलेला बैल लाखाला विकला तर नफा वीस हजारांचा. गोठ्यात जन्मलेलं वासरू मोठं करून लाखाला विकलं तर वहीत लाखच्या लाख नफा, कारण त्याला विकत घेतल्याची नोंदच नाही. क्लबच्या अकॅडमीत वाढलेला पोरगा हे असं घरचं वासरू. त्यामुळे ३० जूनला हिशोबाचं वर्ष संपत आलं आणि खड्डा भरायचा असला की क्लबची नजर आधी घरच्या पोरांवर जाते. २०२४ च्या जूनअखेर न्यूकॅसलनं एलियट अँडरसनला नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकलं, सुमारे साडेतीन कोटी पौंडांना. त्याच वेळी फॉरेस्टचा एक गोलरक्षक न्यूकॅसलकडे आला. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात. अँडरसन त्याच भागात जन्मलेला, लहानपणापासून त्याच क्लबचा भक्त. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात खेळला.

चाहत्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. क्लब आपला कशामुळे वाटतो? आपल्या गल्लीतलं पोरगं तिथे खेळतं म्हणून. क्लबनं आपल्या मातीतले खेळाडू घडवावेत असं भाषणांत सगळे सांगतात, आणि हिशोबाचा नियम मात्र नेमक्या त्याच पोराला विकायला सगळ्यांत जास्त बक्षीस देतो. नियम लिहिणाऱ्यांना हे तेव्हा सुचलं नसेल. ते लिहिताना शेजारी एखादा गोठेवाला बसवायला हवा होता.

तारखेचा जाच तर हळदवाल्यांना लगेच कळेल. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात किंवा वसमतच्या मोंढ्यात उन्हाळ्यात शेतकरी ज्या पेचात असतो तोच. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून तयार आहे, भाव पडलेला आहे, दोन महिने थांबलं तर चढेल असं मन सांगतं, पण कर्ज भरायची तारीख थांबत नाही. फॉरेस्टकडे २०२३ च्या उन्हाळ्यात ब्रेनन जॉन्सन हा असाच माल होता, आणि तोही घरचाच. ३० जूनच्या आत विकला असता तर कमी पैसे येत होते. क्लब थांबला आणि १ सप्टेंबरला टॉटनहॅमकडून जवळपास पावणेपाच कोटी पौंड घेतले. व्यवहार म्हणून शहाणपणाचा. पण तीन वर्षांचा हिशोब जूनमध्येच मिटला होता. फॉरेस्ट त्यांतली दोन वर्षं खालच्या श्रेणीत होता, म्हणून त्याला तोट्याची मुभाही कमी, ६.१ कोटींचीच. तोटा तिच्यापुढे ३.४५ कोटींनी गेला. लीगच्या आयोगासमोर क्लबनं सांगितलं की थांबल्यामुळे आमची तब्येत सुधारलीच ना? आयोग म्हणाला, तारीख ती तारीख. मार्च २०२४ मध्ये चार गुण कापले.

गुण कापणं म्हणजे काय, हे जरा थांबून पाहायला हवं. दंड मालकाच्या खिशातून जातो. गुण मात्र चाहत्याच्या छातीतून जातात. शनिवारी पावसात भिजत जो विजय पाहिला तो चार महिन्यांनी कुणीतरी कागदावरून खोडतो. एव्हर्टन १८८८ मध्ये इंग्लिश लीग सुरू झाली तेव्हापासूनचा क्लब. तिथे नवं मैदान बांधणं चालू होतं, त्याच्या कर्जाचं व्याज चढत होतं, त्यात युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर उस्मानोव या रशियन धनाढ्याच्या कंपन्यांशी असलेले प्रायोजनाचे करार थांबवावे लागले. तीन वर्षांचा तोटा १२.४५ कोटी पौंड ठरला, मर्यादेपेक्षा १.९५ कोटी जास्त. १७ नोव्हेंबर २०२३ ला दहा गुण कापले. तोवर लीगच्या इतिहासात एवढी मोठी गुणकपात झाली नव्हती. पुढच्याच घरच्या सामन्यात, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, गुडिसन पार्कवर हजारो लोकांनी गुलाबी पुठ्ठे उंचावले. त्यांवर लीगचं चिन्ह होतं आणि एकच शब्द होता: भ्रष्ट. अपिलात दहाचे सहा झाले. एप्रिलमध्ये दुसऱ्या हिशोबावरून आणखी दोन गेले.

राग फक्त दहा गुणांचा नव्हता. २०२३ च्याच फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीवर लीगनं आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून जास्त आरोप ठेवले होते. एव्हर्टनचं प्रकरण मार्चमध्ये आयोगाकडे गेलं आणि नोव्हेंबरात निकालही लागला. सिटीची सुनावणी सुरू व्हायलाच सप्टेंबर २०२४ उजाडलं. सिटीनं सगळे आरोप नाकारले आहेत, आणि आरोप म्हणजे गुन्हा नव्हे हेही खरं. २०२० मध्ये यूएफानं याच क्लबला दोन वर्षांची बंदी घातली होती. लोझानच्या क्रीडा लवादानं ती उठवली आणि काही मुद्दे मुदतबाह्य ठरवले. दंड तीन कोटी युरोंचा होता, त्याचा एक कोटी झाला. एव्हर्टनच्या चाहत्याला या सगळ्यातून एकच दिसतं: ज्याच्याकडे वकिलांची फौज त्याला तारीख मिळते, आणि ज्यानं चूक कबूल केली त्याला लगेच शिक्षा. 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य फ्लेक्सवर लिहिता येतं. जिथे पंचाच्या निर्णयावर अपील, अपिलावर लवाद आणि लवादापुढे देशातले सगळ्यांत महागडे वकील असतात, तिथे ते लिहिणार कुठे?

आता न्यूकॅसलचं दुखणं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीनं हा क्लब घेतला आणि एका रात्रीत त्याचा मालक जगातल्या सगळ्यांत श्रीमंत मालकांपैकी एक झाला. रस्त्यावर लोक नाचले. मग कळलं की मालकाचा पैसा हा क्लबचा पैसा नव्हे. खर्च क्लबच्या उत्पन्नातून हवा, आणि उत्पन्न म्हणजे तिकिटं, प्रक्षेपण, प्रायोजक. मालकाच्याच दुसऱ्या कंपनीनं भरमसाट जाहिरात देऊन उत्पन्न फुगवू नये म्हणून अशा व्यवहाराचा बाजारभाव तपासणारा नियमही त्याच वर्षी आला. मार्च २०२५ मध्ये लीग कप जिंकून न्यूकॅसलनं देशांतर्गत चषकांचा ७० वर्षांचा दुष्काळ संपवला. सहाच महिन्यांनी त्यांचा हुकमी गोलवीर इसाक १२.५ कोटी पौंडांना लिव्हरपूलला गेला. त्यालाच जायचं होतं हे खरं, पण मोठ्या उत्पन्नाच्या क्लबची हाक त्याला ऐकू आलीच ना.

न्यूकॅसलवाल्यांचं म्हणणं आपल्या म्हणीच्या भाषेत सांगता येतं. अंथरूण पाहून पाय पसरा, कबूल. पण लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल यांचं अंथरूण मोठं झालं ते असा नियम नव्हता त्या काळात. चेल्सीचं तर २००३ नंतर मालक अब्रामोविचच्या पैशानं झालं. आता आम्ही विणायला बसलो तर तुम्ही सूत मोजता. सौदी मालकाच्या पैशाबद्दल आणि त्यामागच्या राजकारणाबद्दल मला शंका आहेतच, आणि तिथल्या काही चाहत्यांनाही आहेत. तरी हा युक्तिवाद खोटा ठरत नाही. त्याच गल्लीत आपला लहान गावचा कप्तानही उभा आहे.

लीगलाही ते उमगलं असावं. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबांनी १४ विरुद्ध ६ मतांनी तोट्याचा जुना नियम मोडीत काढला. २०२६-२७ पासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. युरोपच्या स्पर्धांत खेळणाऱ्यांना यूएफाची ७० टक्क्यांची मर्यादा वेगळी. मोजायची पट्टी बदलली, पण मोजायचं काय? परत ज्याचं त्याचं उत्पन्नच. सगळ्यांना एकच ठोक मर्यादा घालण्याचा प्रस्तावही त्याच बैठकीत होता. तो पडला.

तशी ठोक मर्यादा आपल्याकडे होती. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, काही हंगाम संघाच्या पगारांवर साडेसोळा कोटी रुपयांची मर्यादा होती, कोलकात्याचा क्लब असो की मुंबईचा. याच लीगमधल्या मुंबई सिटी एफसीचे ६५ टक्के समभाग मँचेस्टर सिटीच्या मालक समूहानं नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतले. अंधेरीत खेळणाऱ्या या संघानं २०२०-२१ मध्ये साखळी फेरीची शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले, नंतर २०२२-२३ ची शील्ड आणि २०२३-२४ चा चषकही. मँचेस्टरमध्ये आर्थिक नियम मोडल्याचा आरोप असलेला हा समूह डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईतून बाहेर पडला, कारण इथे लीग होणार की नाही याचीच शाश्वती उरली नव्हती. देशाची फुटबॉल संघटना आणि तिचा व्यापारी भागीदार यांचा करार संपला होता, हंगाम लांबणीवर पडला होता, काही क्लबांनी पगार थांबवले होते. मर्यादेवर रागवायला आधी लीग तरी असावी लागते.

कबड्डीत लीग आहे, मर्यादाही आहे, आणि हिंगोलीकरांना ती फुटबॉलपेक्षा जवळची. प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला लिलावासाठी पाच कोटींची थैली. मालक कुणीही असो, थैली तेवढीच. हे झालं एकसारखं अंथरूण. इथे न्यूकॅसलची तक्रार उरत नाही. मग पुणेरी पलटणच्या चाहत्याची ऐका. २०२३ च्या लिलावात पलटणनं इराणचा मोहम्मदरेझा शादलूई २ कोटी ३५ लाखांना घेतला, म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एकट्यावर रिकामी केली. पैसे फिटले. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण त्याचे, आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुण्यानं पहिल्यांदा चषक जिंकला. अस्लम इनामदारच्या त्या संघातली बाकीची पोरंही आता महाग होणार होती, आणि थैली तेवढीच राहणार होती. पलटणनं शादलूईला सोडलं. ऑगस्टमध्ये मुंबईच्या लिलावात त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं ते हरियाणानंच.

नव्या हंगामाची अंतिम लढत २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यात, बालेवाडीत झाली. शादलूईनं चषक उचलला, सलग दुसऱ्या हंगामात. अंगावर हरियाणाचा गणवेश होता. पुढच्या लिलावात गुजरातनं त्याला २ कोटी २३ लाखांना नेलं.